बास्केटबॉलच्या स्कोअरला कोणतं वितरण लावायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एनबीएच्या (अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या) एका हंगामातल्या सगळ्या सामन्यांतले संघांचे गुण एकत्र केले, हिस्टोग्राम काढला, तो घंटाकृती दिसला. फुटबॉलच्या गोलांना पॉयसन (विरळ घटनांच्या मोजणीचं वितरण) वापरतात म्हणून इथेही वापरून पाहिलं, तर चाचणीने ते फेटाळलं. नॉर्मल, म्हणजे नेहमीचं घंटाकृती वितरणसुद्धा कोल्मोगोरोव्ह-स्मिर्नोव्ह चाचणीत (डेटा एखाद्या वितरणाशी जुळतो का ते पाहणारी चाचणी) जेमतेम टिकलं. आता निगेटिव्ह बायनॉमियल (पॉयसनपेक्षा जास्त पसाऱ्याचं) घ्यावं, गॅमा घ्यावं की लॉगनॉर्मल? आणि या सगळ्यातून शेवटी हवं आहे ते एवढंच, की कोण जिंकेल आणि साधारण किती फरकाने.

एका संघाच्या गुणांसाठी नॉर्मल घ्या आणि पुढे चला. तिथे डोकं खाजवण्यासारखं फारसं काही नाही. सगळी गोम आहे ती एकाच सामन्यातल्या दोन संघांच्या गुणांचा आपसात संबंध काय, यात. तुमच्या हिस्टोग्रामने नेमकी तीच माहिती फेकून दिली आहे, कारण त्यात प्रत्येक सामन्याचे दोन आकडे एकमेकांपासून तोडून एका ढिगात टाकलेत.

आधी त्या ढिगाबद्दल. ३० संघ, काही धावपळीचा खेळ करणारे, काही संथ, काहींचा बचाव भक्कम, काहींचा गळका. या सगळ्यांचे गुण एकत्र केले की मिळतं ते अनेक वितरणांचं मिश्रण. अंदाज बांधायला लागतं ते वेगळंच: हे दोन संघ, हे कोर्ट, हा अपेक्षित वेग, एवढं ठाऊक असताना उरलेली अनिश्चितता कशी पसरलेली आहे? म्हणजे आकार तपासायचा तो मूळ गुणांचा नाही, मॉडेलचा अंदाज वजा केल्यावर उरलेल्या शिल्लक आकड्यांचा. ढीग घंटाकृती आहे म्हणून शिल्लकही तशीच असेल असं नाही, आणि ढीग वाकडा दिसला म्हणून नॉर्मल टाकून द्यायचंही कारण नाही.

चाचणीच्या पी-व्हॅल्यूवर (वितरण बरोबर असतानाही डेटा इतका वेगळा दिसण्याची शक्यता) तर अजिबात विसंबू नका. सरासरी आणि प्रमाण विचलन (सरासरीभोवतीच्या पसाऱ्याचं माप) त्याच डेटातून काढून पुन्हा त्याच डेटावर कोल्मोगोरोव्ह-स्मिर्नोव्ह चालवली की तिची पी-व्हॅल्यू चुकते. त्यासाठीच लिलीफोर्सची दुरुस्ती आहे. शिवाय ही चाचणी सलग वितरणासाठी आहे आणि गुण पूर्णांकात येतात. पूर्ण हंगामाचे १२३० सामने म्हणजे २४६० आकडे. इतक्या डेटावर किरकोळ विचलनही ‘लक्षणीय’ ठरतं. त्यात हे २४६० आकडे परस्परांपासून स्वतंत्र नाहीत, ते जोड्यांनी आले आहेत.

आता गुण तयार कसे होतात ते पाहू, कारण वितरणाची निवड तिथून निघते. बास्केटबॉलचं मूळ एकक मिनिट नाही, पझेशन आहे. चेंडू एका संघाकडे येतो, २४ सेकंदांच्या शॉट क्लॉकमध्ये काहीतरी घडतं, चेंडू दुसऱ्याकडे जातो. ऑफेन्सिव्ह रिबाउंड मिळाला, म्हणजे चुकलेला शॉट त्याच संघाने परत पकडला, तर तेच पझेशन चालू राहिलं असं धरतात. हल्लीच्या एनबीएमध्ये ४८ मिनिटांत प्रत्येक संघाला साधारण १०० पझेशन मिळतात. चेंडू आळीपाळीने जातो, त्यामुळे दोन्ही संघांच्या पझेशनमध्ये एखाद-दोनचाच फरक पडतो. बॉक्स स्कोअरमधून (सामन्याच्या आकडेवारीच्या तक्त्यातून) पझेशन काढायचा नेहमीचा हिशेब असा: मैदानी शॉटचे प्रयत्न, वजा ऑफेन्सिव्ह रिबाउंड, अधिक टर्नओव्हर (शॉट न घेताच गमावलेला चेंडू), अधिक ०.४४ गुणिले फ्री थ्रोचे प्रयत्न. ०.४४ अशासाठी, की प्रत्येक फ्री थ्रोने पझेशन संपत नाही. बहुतेक फ्री थ्रो दोनच्या जोडीने येतात, तर काही बास्केट झाल्यावर बोनस म्हणून किंवा टेक्निकल फाउलवर मिळतात.

सोयीसाठी काही आकडे धरू. एका पझेशनमधून शून्य गुण मिळण्याची शक्यता ०.४८, एक गुण ०.०३, दोन गुण ०.३६, तीन गुण ०.१३. चार गुणांचं पझेशन विरळा, ते सोडून देऊ. सरासरी येते १.१४ आणि व्हेरिअन्स (प्रमाण विचलनाचा वर्ग) सुमारे १.३४. शंभर स्वतंत्र पझेशनची बेरीज केली की सरासरी ११४, व्हेरिअन्स १३४, म्हणजे प्रमाण विचलन ११.६. शंभर छोट्या, मर्यादित आकड्यांची बेरीज असल्यामुळे ती नॉर्मलच्या जवळ जाणारच. ती शून्याखाली जाण्याची भीतीही नको: शून्य हे सरासरीपासून जवळपास दहा प्रमाण विचलनं दूर आहे. निगेटिव्ह बायनॉमियल याच सरासरीला आणि याच व्हेरिअन्सला बसवून नॉर्मलवर ठेवलं, तर डोळ्यांना फरक जेमतेम जाणवतो. लॉगनॉर्मल आणि गॅमाचंही तेच. म्हणून या पातळीवरच्या स्पर्धेत मला रस नाही.

पॉयसनचं मात्र जरा सविस्तर बोलायला हवं, कारण ते इथे चुकीच्या कारणांनी बऱ्यापैकी बरोबर येतं. पॉयसनमध्ये व्हेरिअन्स सरासरीइतका असतो, म्हणजे ११४, प्रमाण विचलन १०.७. वरच्या ११.६ पासून ते फार लांब नाही. पण पॉयसनमागची गृहीतकं बघा: संधी भरपूर, प्रत्येक संधीत यश मिळण्याची शक्यता अगदी कमी, आणि यश म्हणजे एकच. फुटबॉलच्या गोलांना हे छान लागू पडतं. बास्केटबॉलमध्ये यातलं काहीच नाही. अर्ध्याहून जास्त पझेशनमध्ये काहीतरी गुण मिळतातच, त्यामुळे चढउतार पॉयसनपेक्षा कमी व्हायला हवेत. उलट गुण दोन-तीनच्या गठ्ठ्यात येतात, त्यामुळे चढउतार जास्त व्हायला हवेत. या दोन चुका विरुद्ध दिशांना ओढतात आणि बऱ्याच अंशी एकमेकींना खोडतात, एवढंच.

इथेच एक मोह होतो. ‘गुण गठ्ठ्यात येतात ना, मग कंपाउंड पॉयसन घेऊ’, म्हणजे बास्केट पॉयसनने पडतात आणि प्रत्येक बास्केटचे एक, दोन किंवा तीन गुण. ऐकायला हे साध्या पॉयसनपेक्षा शहाणपणाचं वाटतं, प्रत्यक्षात जास्त चुकतं. वरच्याच आकड्यांवर कंपाउंड पॉयसनचा व्हेरिअन्स २६४ येतो, म्हणजे जवळपास दुप्पट. एक चूक दुरुस्त केली आणि तिला खोडणारी दुसरी तशीच ठेवली, त्याचा हा परिणाम. गठ्ठे मोजायचे असतील तर पझेशनची संख्याही मर्यादित ठेवा: ठरावीक पझेशन, प्रत्येकाचा निकाल मल्टिनॉमियल, म्हणजे ठरलेल्या शक्यतांनी शून्य, एक, दोन किंवा तीन गुण. टू-पॉइंटर, थ्री-पॉइंटर आणि फ्री थ्रो यांना तीन स्वतंत्र पॉयसन लावून १, २, ३ ने गुणून बेरीज करणारी मॉडेलंही दिसतात. त्यांचा दोष तोच. एका पझेशनमध्ये थ्री मारला तर तिथे टू मारता येत नाही, म्हणजे हे आकडे एकमेकांची जागा खातात. स्वतंत्र धरले की पसारा फुगतो.

आता दोन संघांकडे वळू. वेग दोघांचा सामायिक असतो. सामना धावपळीचा झाला तर दोघांनाही जास्त पझेशन मिळतात. समजा पझेशनची संख्या सामन्यागणिक ४ च्या प्रमाण विचलनाने हलते. मग प्रत्येक संघाच्या व्हेरिअन्समध्ये १.१४ चा वर्ग गुणिले १६, म्हणजे सुमारे २१ ची भर पडते आणि तेवढाच कोव्हेरिअन्स (एकत्र हलण्याचं माप) दोघांमध्ये तयार होतो. सहसंबंध होतो साधारण ०.१३. या भागाने एकूण गुणांची अनिश्चितता वाढते, फरकाची मात्र नाही, कारण वजाबाकीत सामायिक वेग निघून जातो. पझेशन स्वतंत्र धरली तर फरकाचा व्हेरिअन्स १३४ च्या दुप्पट, २६८, म्हणजे प्रमाण विचलन १६.४.

प्रत्यक्षात चांगल्या अंदाजाभोवती एनबीए सामन्यांचा अंतिम फरक साधारण १२ ते १३ च्या प्रमाण विचलनाने पसरतो. १६.४ आणि १३ यांतली ही दरी फार मोठी आहे. नुसता हिस्टोग्राम जुळवत बसलेल्याला ती कधीच दिसणार नाही. तिचा अर्थ असा की पझेशन एकमेकांपासून स्वतंत्र नसतात; स्कोअरबोर्ड पाहून खेळ बदलतो. वीसने पुढे असलेला संघ मुख्य खेळाडूंना बसवतो, घड्याळ खातो. मागे पडलेला संघ दाब वाढवतो. गेबल आणि रेडनर या दोघांनी २०१२ मध्ये एनबीएच्या गुणांचं रँडम वॉक (यादृच्छिक पावलांची चाल) म्हणून विश्लेषण केलं, त्यात हेच दिसलं: आघाडी जितकी मोठी तितका तिला शून्याकडे खेचणारा सौम्य ओढा. ज्याने नुकतीच बास्केट केली त्याचीच पुढची बास्केट असण्याची शक्यता निम्म्याहून बरीच कमी असते, हेही त्यांनी दाखवलं, पण ते बहुतांशी चेंडू दुसऱ्याकडे जातो म्हणून.

या दरीची किंमत काय ते बघा. एका संघाला ८ गुणांची अपेक्षित आघाडी आहे. प्रमाण विचलन १३ धरलं तर जिंकण्याची शक्यता सुमारे ७३ टक्के, १६.४ धरलं तर ६९ टक्के. नॉर्मलऐवजी गॅमा घेऊन इतका फरक कधीच पडणार नाही. दोन स्वतंत्र पॉयसनच्या वजाबाकीचं स्केलम वितरण वापरलं तर ११४ आणि १११ च्या सरासरीला प्रमाण विचलन १५ वर खिळून बसतं, तुम्हाला हलवताही येत नाही. द्विचल (दोन्ही संघांचे गुण एकत्र मांडणाऱ्या) पॉयसनमध्ये सामायिक घटक घालून ते १३ वर आणता येतं, पण एवढा खटाटोप करून मिळतं ते जवळपास द्विचल नॉर्मलच.

म्हणून माझा सल्ला असा, की दोन संघांचे गुण मॉडेल करूच नका. बेरीज आणि फरक मॉडेल करा. दोन्ही संघांच्या गुणांचा व्हेरिअन्स सारखा असेल तर बेरीज आणि फरक यांचा सहसंबंध शून्य असतो, आणि तो व्यवहारात पुरेसा सारखा असतो. मग दोन स्वतंत्र एकचल मॉडेलं पुरतात. फरकाची अपेक्षा आक्रमण, बचाव आणि घरच्या कोर्टचा फायदा यांतून. बेरजेची अपेक्षा वेग आणि दोघांच्या आक्रमण-बचावातून. हंगामाच्या सुरुवातीला सामने थोडे असतात, तेव्हा संघांचे गुणांक सरासरीकडे खेचणारं श्रेणीबद्ध मॉडेल ठेवा, नाहीतर चार सामने जिंकलेला संघ अजिंक्य दिसू लागतो. संघांचे गुण परत हवे असतील तर बेरजेत फरक मिळवून निम्मे करा, म्हणजे एका संघाचे; वजा करून निम्मे करा, म्हणजे दुसऱ्याचे. सहसंबंधही आपोआप मिळतो: बेरजेचा व्हेरिअन्स वजा फरकाचा व्हेरिअन्स, भागिले त्या दोन व्हेरिअन्सची बेरीज. उदाहरणार्थ, तुमच्या शिल्लक आकड्यांत बेरजेचं प्रमाण विचलन १८ आणि फरकाचं १३ आलं, तर सहसंबंध ०.३१. नुसत्या वेगातून आलेल्या ०.१३ च्या दुपटीहून जास्त. उरलेला भाग आघाडीला शून्याकडे खेचणाऱ्या, वर सांगितलेल्या ओढ्याचा.

नॉर्मल तुटतं ते दोन ठिकाणी, शून्याजवळ आणि टोकांना.

शून्याजवळचं तुटणं गमतीचं आहे. अंतिम फरक शून्य असूच शकत नाही, कारण बरोबरी झाली की पाच मिनिटांचा ओव्हरटाइम. निर्धारित वेळेअखेरीच्या बरोबरीची शक्यता नॉर्मल किती सांगतं? प्रमाण विचलन १३ असताना फरक उणे अर्धा ते अधिक अर्धा यांत पडण्याची शक्यता सुमारे ३ टक्के. प्रत्यक्षात एनबीएचे साधारण ६ टक्के सामने ओव्हरटाइमला जातात. दुप्पट! कारण शेवटच्या मिनिटात फरक आपोआप हलत नाही, त्याला हेतूने हलवलं जातं. तीनने मागे असलेला संघ थ्री मारायला जातो, दोनने मागे असलेला टू. बरोबरीत असलेला संघ घड्याळ संपवून शेवटचा शॉट घेतो, तो चुकला की बरोबरी कायम. दुसरीकडे, एक-दोनने मागे असलेला संघ मुद्दाम फाउल करतो आणि पुढचा संघ फ्री थ्रो मारून आघाडी रुंदावतो, म्हणून एका गुणाचा अंतिम फरक गुळगुळीत वक्राच्या अंदाजापेक्षा कमी वेळा दिसतो. यावर उपाय साधा. वितरण निर्धारित वेळेच्या अखेरीला बसवा, शून्याला डेटातून काढलेलं जादा वजन द्या, आणि तिथून ओव्हरटाइम वेगळा चालवा. पाच मिनिटं म्हणजे ४८ चा सुमारे दहावा भाग: एकूण गुणांत २३-२४ ची भर, फरकाचं प्रमाण विचलन १३ गुणिले ५/४८ चं वर्गमूळ, म्हणजे ४.२. पुन्हा बरोबरी झाली तर पुन्हा तेच. एकूण गुणांच्या वितरणाची लांब उजवी शेपटी बऱ्याच अंशी इथूनच येते. १३ डिसेंबर १९८३ ला डेट्रॉइट पिस्टन्सने डेन्व्हर नगेट्सला १८६-१८४ असं हरवलं, एकूण ३७० गुण, आजवरचा विक्रम. त्यात तीन ओव्हरटाइम होते. निर्धारित वेळेचा स्कोअर १४५-१४५ होता. तोही अचाट आहे, पण ३७० इतका नाही.

टोकाचं उदाहरण २ डिसेंबर २०२१ चं. मेम्फिस ग्रिझलीजने ओक्लाहोमा सिटी थंडरला १५२-७९ असं, ७३ गुणांनी हरवलं. प्रमाण विचलन १३ च्या नॉर्मलमध्ये हे साडेपाच प्रमाण विचलनांच्या पलीकडे आहे. इतका फरक लीगच्या सगळ्या इतिहासात एकदाही दिसायला नको होता. मोठे फरक महत्त्वाचे असतील तर फरकाला नॉर्मलऐवजी स्टुडंट-टी (जाड टोकांचं घंटाकृती वितरण) लावा आणि डिग्रीज ऑफ फ्रीडम (टोकं किती जाड ते ठरवणारा आकडा) डेटालाच ठरवू द्या. नुसतं कोण जिंकेल एवढंच हवं असेल तर या बदलाने जवळपास काहीच हलत नाही.

सामना चालू असताना अंदाज हवा असेल तर हल स्टर्नने १९९४ मध्ये मांडलेलं ब्राउनियन गतीचं मॉडेल अजूनही पहिली पायरी म्हणून उत्तम आहे. उरलेल्या वेळेच्या प्रमाणात अपेक्षित आघाडी, आणि उरलेल्या वेळेच्या वर्गमूळाच्या प्रमाणात प्रमाण विचलन. यजमान संघाला मुळात ३ गुणांचा वरचष्मा आहे आणि तिसरा क्वार्टर संपताना तो ८ ने पुढे आहे. उरला पाव सामना: अपेक्षित अंतिम आघाडी ८.७५, प्रमाण विचलन ६.५, जिंकण्याची शक्यता ९१ टक्के. शेवटच्या दोनेक मिनिटांत मात्र हे सोडून द्या. तिथे चेंडू कोणाकडे आहे, शॉट क्लॉकवर किती सेकंद आहेत, फाउलची मर्यादा भरली का, यावर सगळं ठरतं आणि पुढच्या एकेका पझेशनच्या शक्यतांचं झाड मांडूनच हिशेब करावा लागतो.

हेच वर्गमूळ दुसऱ्या लीगसाठीही वापरता येतं. फिबाचा (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाचा) सामना ४० मिनिटांचा, म्हणून बाकी सारखं असेल तर १३ चं सुमारे १२ होईल. पण बाकी सारखं क्वचितच असतं. अमेरिकेतल्या पुरुषांच्या कॉलेज बास्केटबॉलचं शॉट क्लॉक ३० सेकंदांचं आहे, तिथला वेगच निराळा. जुने हंगाम मिसळतानाही हीच सावधगिरी. २२ नोव्हेंबर १९५० ला फोर्ट वेन पिस्टन्सने मिनिआपोलिस लेकर्सना १९-१८ असं हरवलं होतं. तेव्हा शॉट क्लॉकच नव्हतं, आघाडी घेतलेला संघ चेंडू नुसता धरून बसू शकायचा. ते १९५४ मध्ये आलं, थ्री-पॉइंट रेषा १९७९-८० च्या हंगामात. अशा सीमांच्या पलीकडचा डेटा एकत्र करून काढलेल्या प्रमाण विचलनाला अर्थ नसतो. नियमच बदलले तर वितरणाचं कूळच बदलतं. २०२० च्या ऑल-स्टार सामन्यात शेवटच्या क्वार्टरला घड्याळ नव्हतं, आघाडीवरच्या संघाचे गुण अधिक २४ हे लक्ष्य जो आधी गाठेल तो विजेता. तिथे विजेत्याचा स्कोअर जवळपास ठरलेलाच, अनिश्चित होते ती पझेशनची संख्या.

एकट्या खेळाडूच्या गुणांना मात्र वरचं काही लावू नका. तिथे आकडे लहान, शून्य शक्य, आणि मैदानावर किती मिनिटं मिळतील हीच मोठी अनिश्चितता. आधी मिनिटांचं मॉडेल, मग त्यावर निगेटिव्ह बायनॉमियल. निगेटिव्ह बायनॉमियलची खरी जागा इथे आहे.

राहिली तपासणी. हंगामाचा पहिला भाग वापरून मॉडेल बसवा, उरलेल्या सामन्यांवर लॉग स्कोअर (प्रत्यक्ष निकालाला मॉडेलने दिलेल्या शक्यतेचा लॉगरिदम) मोजा, आणि मॉडेलं त्यावरच तोला. प्रत्येक सामन्यात मॉडेलच्या मते प्रत्यक्ष निकाल कितव्या शतमकावर पडला ते काढा; मॉडेल ठीक असेल तर ही शतमकं सपाट पसरतात. मधोमध गर्दी झाली तर तुमचं प्रमाण विचलन फुगलेलं आहे, दोन्ही टोकांना झाली तर आखडलेलं. हे फरकासाठी आणि बेरजेसाठी वेगवेगळं करा. स्वतंत्र पझेशनचं मॉडेल एका संघाच्या गुणांवर ही परीक्षा बऱ्यापैकी पास होतं, आणि फरकावर मधोमध गर्दी दाखवतं.